मोठेपणाचे शब्द व त्यांचा उपहास
सोलापूर प्रांतांतील भाषाव्यवहाराच्या आधारें कांहीं विचार

(१)

जुना कागद वाचणाऱ्यास अक्षर लागलें म्हणजे काम झालें असें वाटतें. परंतु अक्षर लागूनहि अर्थ चुकतो, आणि हा दुसरा प्रमाद पहिल्याहून अधिक घातक होय. न लागलेल्या अक्षराच्या जागीं टिंबें देऊन पुढें जातां येतें; चुकलेला अर्थ मात्र टीपेंत शिरतो, टीप छापली जाते, आणि पुढील अभ्यासक तिला प्रमाण मानून चालतात.

प्रस्तुत लेखकाच्या हातून असा प्रमाद एकदां घडला. सोलापुरांतील एका जुन्या घराण्याचे रुमाल पाहत असतां अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील एका पत्रांत एका गृहस्थाचा उल्लेख "तालेवार" ह्या शब्दानें केलेला आढळला. आज ह्या शहरांत कोणास तालेवार म्हणावयाचें तर तें बहुधा त्याच्या पाठीमागें म्हणतात. "मोठा तालेवार लागून गेला" ह्या वाक्यांत आदराचा लेशहि नसतो. त्या समजुतीनें आम्हीं नकलेच्या कडेला टीप लिहिली कीं, पत्रलेखकाचें ह्या गृहस्थाशीं वांकडें असून तो त्याचा उपहास करीत आहे. पुढें त्याच रुमालांतून दुसरा कागद निघाला. त्यांत तोच लेखक त्याच गृहस्थास जामीन घ्यावें अशी शिफारस करीत होता. जामीन घ्यावयाचा तो मनुष्य सुस्थितींतला लागतो. आणि फारसींत "तालेवर" म्हणजे ज्याचें दैव अनुकूल आहे तो. पत्रलेखकानें त्या गृहस्थाची स्तुतीच केली होती. त्याच्या लेखणीवर निंदा लादली ती आम्हीं.

ती टीप छापली गेली नव्हती म्हणून खोडतां आली. परंतु त्या निमित्तानें, स्वतःवर संतुष्ट होऊन मिरविणारा मनुष्य दाखविण्यास मराठींत जे शब्द रूढ आहेत ते जमवून त्यांचीं मुळें पाहिलीं. त्यांवरून जें दिसलें तें संग्राहकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहों.

(२)

विषयाची मर्यादा प्रथम सांगितली पाहिजे. गर्व, मद, दंभ, अहंकार हे शब्द येथें घ्यावयाचे नाहींत. ते पोथींतले व कीर्तनांतले शब्द आहेत. त्यांनीं मनुष्याचा दोष शास्त्राच्या कसोटीस लावला जातो. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरींत तेराव्या अध्यायावर भाष्य करितांना अमानित्व व अदंभित्व यांचें जें विस्तृत विवेचन आलें आहे तें ह्याच मार्गाचें. समर्थांनीं दासबोधाच्या दुसऱ्या दशकांतील पहिला समास मूर्खलक्षणांस आणि दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांस दिला आहे. "पढतमूर्ख" हा शब्द उघड निंदेचा असून त्याच्या अर्थाविषयीं कोणाची फसगत होण्याचा संभव नाहीं.

परंतु बाजारांत, चावडीवर किंवा लग्नाच्या मांडवांत जो गृहस्थ आपल्याच तोऱ्यांत वावरतो, त्यास कोणी अहंकारी म्हणत बसत नाहीं. त्यास शिष्ट म्हणतात, दीडशहाणा म्हणतात, आढ्यताखोर म्हणतात. त्याची मिजास, शेखी, दिमाख व ऐट काढतात. तो टेंभा मिरवितो, अर्ध्या हळकुंडानें पिवळा होतो. ह्या दुसऱ्या वर्गाचाच येथें विचार आहे. ह्या वर्गांतील बरेच शब्द मुळांत निंदेचे नाहींत. ते एके काळीं मानाचे, निदान निर्दोष, असे शब्द होते. म्हणूनच ते जुन्या कागदांत भेटले असतां सावधगिरी हवी.

(३)

प्रथम संस्कृतांतून आलेले शब्द पाहूं. "शिष्ट" हा शब्द शास् धातूपासून झाला असून ज्यास शिकवण लाभली आहे तो शिष्ट, असा त्याचा अवयवार्थ. शिष्ट कोणास म्हणावें ह्याची चर्चा पतंजलीनें महाभाष्यांत केली आहे. तिचें तात्पर्य असें कीं, आर्यावर्तांत राहणारा, घरीं एका मडक्यापुरतेंच धान्य ठेवणारा, निर्लोभी आणि कांहीं लाभाची अपेक्षा न धरतां विद्येंत पारंगत झालेला जो ब्राह्मण तो शिष्ट. ज्याच्या घरीं एका मडक्यापलीकडे धान्य नाहीं त्यास मिरवावयाचें काय असणार?

मराठींत ह्या शब्दाचा जुना मान दीर्घकाळ टिकला. दोन पक्षांच्या मध्यें पडून समेट घडवूं पाहणें ती शिष्टाई. श्रीकृष्ण पांडवांकडून कौरवसभेंत गेले ती कृष्णशिष्टाई. शिष्टाचार, शिष्टसंमत, शिष्टमंडळ हे शब्द आजहि निष्कलंक आहेत. मात्र हें विशेषण सुटें होऊन माणसास लागलें कीं त्याचा अर्थ पालटतो. "सून जरा शिष्ट आहे" असें शेजारीण सांगते तेव्हां सुनेच्या शिक्षणाची ती वाखाणणी करीत नसते. समासाच्या आश्रयानें राहिला तोंवर शब्द सुरक्षित राहिला. एकटा पडतांच उपहासास पात्र झाला. म्हणून निवाडपत्रांत किंवा महजरांत गांवचे शिष्ट मिळाले असा मजकूर आल्यास तो समासाच्या बाजूनें वाचावा, शेजारणीच्या बाजूनें वाचूं नये.

"आढ्य" म्हणजे संपन्न, धनवान. गीतेच्या सोळाव्या अध्यायांत आसुरी संपत्तीच्या मनुष्याचें जें स्वगत आहे त्यांत हा शब्द येतो. तेथें तो मनुष्य स्वतःच आपणांस आढ्य व कुलीन म्हणवून घेतो. शब्दाचा अर्थ तेथेंहि धनवान एवढाच आहे, परंतु तो कोणाच्या तोंडीं आहे ह्यावरून त्याचा रंग ठरला आहे. दुसऱ्यानें आढ्य म्हटलें तर तें वर्णन. आपणच म्हटलें तर ती आढ्यता. आणि "आढ्यताखोर" ह्या शब्दाची घडण विशेष पाहण्यासारखी आहे. पूर्वार्ध शुद्ध संस्कृत, उत्तरार्धीं फारसी "खोर". पोथी वाचणारा व फारसी दप्तर चालविणारा असे दोघे एकाच समाजांत, पुष्कळदां एकाच माणसांत, नांदत होते त्या काळाची ही खूण होय.

(४)

दुसरा मोठा गट फारसी व तिच्या द्वारें आलेल्या अरबी शब्दांचा. सोलापूरपुरतें बोलावयाचें तर हे शब्द येथें कसे रुजले हें सांगण्यास फार लांब जावें लागत नाहीं. बहमनी राज्य मोडल्यावर सोलापूरचा किल्ला विजापूर व अहमदनगर ह्या दोन दरबारांच्या मधोमध सांपडला. इ. स. १५२४ मध्यें बुऱ्हाण निजामशहा व इस्माईल आदिलशहाची बहीण यांचा विवाह सोलापुरास झाला. किल्ला आंदण म्हणून द्यावयाचा ठरला असून तो दिला नाहीं, ह्या तक्रारीवरून दोन्ही राज्यांत पुढें पिढीभर लढाया होत राहिल्या. अखेर चांदबिबीच्या विवाहांत तोच किल्ला आंदण म्हणून आदिलशहाकडे आला. त्यानंतर मोंगल, निजाम, पेशवे अशी मालकी बदलत गेली. प्रत्येक ठाणेदाराबरोबर दरबारी रिवाज आला व त्याबरोबर त्या रिवाजाचे शब्द आले.

ह्या शब्दांचीं मुळें अशीं. "शेख" म्हणजे वडील, आदरणीय पुरुष. त्याचें मोठेपण ती शेखी. "मिजाज" म्हणजे मिश्रण. युनानी वैद्यकांत शरीरांतील चार द्रवांच्या मिश्रणावरून माणसाची जी प्रकृति ठरते ती. त्यावरून स्वभाव, मनःस्थिति. त्यावरून आमची मिजास. "दिमाग" म्हणजे मेंदू. त्याचा आम्हीं दिमाख केला. "रुअब" म्हणजे धाक. त्याचा रुबाब झाला. "मगरूर" हा शब्द सर्वांत मार्मिक आहे. अरबींत त्याचा मूळ अर्थ फसलेला, भ्रमांत पडलेला असा आहे. मगरूर मनुष्यास त्याच्याच मोठेपणानें फसविलेलें असतें. "नबाब" हें नायब ह्या शब्दाचें अरबी अनेकवचन होय. नायब म्हणजे दुसऱ्याच्या वतीनें कारभार पाहणारा. अनेकवचन आदरार्थी आलें, आदराचा शब्द पदवी झाला, आणि मुळांतला मुतालिक शेवटीं थाटाचा मानदंड होऊन बसला. "लागून गेला नबाब" असें आज म्हणणारास आपण त्या माणसास कोणाचा तरी मुतालिक म्हणत आहों ह्याची कल्पना नसते.

येथें एक भेद करणें अवश्य आहे. शेखी, मगरूर व दिमाग ह्या शब्दांना बढाई किंवा ताठा हा अर्थ फारसी-हिंदुस्थानींतच आलेला होता. मराठीनें ते उतरलेल्या किंमतीसच घेतले. मिजाज हा शब्द तेथेंहि दोन्ही अर्थीं चालतो. परंतु तालेवार ह्या शब्दाचा उपहास मराठीच्या घरचा आहे. तेव्हां वकिलाच्या पत्रांत धन्याच्या मिजाजाचा उल्लेख आला तर प्रकृति किंवा मर्जी हा अर्थ प्रथम लावून पाहावा, आणि तो बसत नसेल तरच ताठ्याकडे वळावें. पेशवेकालीन पत्रांत "नबाब" हें तर निजामाचें रोजचें नांव आहे. त्यांत थट्टा शोधूं नये.

ह्या गटाविषयीं आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. मराठी कागदांतील फारसीचें प्रमाण राजवाड्यांनीं मोजून दाखविलें आहे. त्यांनीं निवडलेल्या कागदांत मराठी शब्दांचें प्रमाण इ. स. १६२८ मध्यें शेंकडा १४.४, १६७७ मध्यें ६२.७ आणि १७२८ मध्यें ९३.७ असें पडलें. ह्या पालटास शिवछत्रपतींच्या आज्ञेनें सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशाचें साह्य झालें. त्या कोशाचे दहा वर्ग पाहिले, म्हणजे राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग व पण्यवर्ग, तर त्याचा रोख पदें, वस्तु व व्यवहार ह्यांकडे होता हें उघड दिसतें. हुद्द्याचें नांव आज्ञापत्रानें बदलतां येतें. शेजाऱ्याची मिजास काढावयाची ती कोणत्या शब्दानें, हें मात्र आज्ञापत्रानें ठरत नाहीं. म्हणून दरबारी फारसी पुष्कळशी गेली, आणि दरबारी ऐटीची फारसी मागें राहिली.

(५)

तिसरा गट मराठी राज्याच्या स्वतःच्या वैभवांतून निघाला. "शहाणा" हा शब्द घ्या. मराठेशाहींत साडेतीन शहाणे प्रसिद्ध आहेत : पेशव्यांचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, आणि नाना फडणीस हे तलवारीचे गडी नव्हते म्हणून अर्धे. विठ्ठल सुंदर हा तर शत्रुपक्षाचा दिवाण, इ. स. १७६३ च्या ऑगस्टांत राक्षसभुवनच्या लढाईंत तो मारला गेला. तरीहि मराठ्यांच्या गणतींत त्याचें शहाणपण पूर्ण धरलेलें आहे. ह्यावरून हा शब्द केवढ्या मानाचा होता व तो देतांना स्वपक्ष-परपक्ष पाहिला जात नव्हता, हें दिसतें.

आतां आजचा हिशेब पाहा. ज्या भाषेंत नानांसारख्या पुरुषाच्या वांट्यास अर्धें शहाणपण आलें, त्याच भाषेंत कोणाहि आगाऊ पोरास दीडशहाणा म्हणतात. अर्धा हा मान आणि दीड ही शिवी. एकाहून अधिक शहाणपण कोणास लाभत नाहीं. तें आहे असें जो समजतो त्याचा जादा अर्धा भाग मूर्खपणाच्या खातीं जमा होतो. अतिशहाण्याचा बैल रिकामा ह्या म्हणीचेंहि बीज हेंच.

"बाजीराव" हें नांवहि असेंच खालीं आलें. "स्वतःला बाजीराव समजतो" ह्या वाक्यांतील बाजीराव कोणता, असा प्रश्न पुष्कळदां विचारला जातो. पहिले बाजीराव इ. स. १७४० मध्यें रावेरखेडीस छावणींतच वारले. दुसऱ्या बाजीरावांच्या राज्याचा शेवट ह्या जिल्ह्यानें डोळ्यांनीं पाहिला आहे. २० फेब्रुवारी १८१८ रोजीं आष्टीच्या लढाईंत बापू गोखले पडले व सातारकर छत्रपति इंग्रजांच्या हातीं आले. १० मे रोजीं सोलापुरच्या तटाखालीं गणपतराव पानसे यांच्या हाताखालील फौजेचा मन्रोनें मोड केला व थोड्याच दिवसांत किल्ला घेतला. ३ जून रोजीं बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले आणि सालीना आठ लक्ष रुपयांच्या नेमणुकीवर ब्रह्मावर्तास जाऊन राहिले. राज्य गेलें व इतमाम राहिला, ही स्थिति ह्या वाक्प्रचारास पोषक आहे खरी. तथापि केवळ तेवढ्यावरून हा उपहास दुसऱ्या बाजीरावांच्या माथीं मारणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. नबाब हा जसा एक विशिष्ट नबाब नाहीं, तसाच हा बाजीरावहि वैभवाचें सामान्यनाम झालेला आहे. वाक्याचा रोख बाजीरावांवर नसून, बाजीराव नसतां तसें समजणाऱ्यावर आहे.

"टेंभा मिरविणें" ह्या प्रयोगाचाहि असाच विचार करावा. पेशवाईंतील नेमणुकांत पालखी, अबदागीर व दिवट्या यांची बाब वेगळी धरलेली असे. कोणापुढें दिवटी चालावी हें सरकारांतून ठरे. ज्यास ती मिळाली त्यास तो मान होता. टेंभा म्हणजे चिंध्यांची मोठी मशाल. सरकारी नेमणुकीची दिवटी आणि स्वतःच पेटवून स्वतःच पुढें धरलेला टेंभा, ह्यांतील अंतरावर हा वाक्प्रचार उभा असावा असा आमचा तर्क आहे.

(६)

आतांपर्यंत मराठीचाच विचार केला. परंतु सोलापुरास मराठी एकटी नाहीं. दक्षिण व पूर्व बाजूस कानडी लागलेली आहे. विणकरांच्या पेठांतून तेलुगु चालते, आणि १८७७ मध्यें येथें कापडाची पहिली गिरणी निघाल्यावर ती वस्ती आणखी वाढली. दखनी हिंदुस्थानी सर्वांच्या कानावर असते. ह्या चार भाषा शेजारीं ठेवल्या असतां एक चमत्कार दिसतो.

कानडींत "कोब्बु" म्हणजे चरबी, आणि कोब्बु म्हणजेच माज. तेलुगूंत "कोव्वु" म्हणजे चरबी, आणि त्याचाहि दुसरा अर्थ तोच. मराठींतहि उन्मत्त मनुष्यास चरबी चढली असें म्हणतात, आणि स्तुतीनें सुखावलेल्याच्या अंगावर मूठभर मांस चढतें. कानडींत "सोक्कु" म्हणजे धुंदी व ताठा. आमचा "माज" हा पोसलेल्या जनावराचा गुण माणसास लावलेला. दरबारी शब्दाविषयींहि तेंच : मराठी दिमाख व कानडी "दिमाकु" हीं एकाच मुळाचीं दोन रूपें होत. म्हणजे दरबारी शब्द चौघींनीं एका पेढीवरून उसने घेतले, आणि चरबीची उपमा एकाच दुष्काळी मुलुखांत काढली. जेथें पाऊस हमखास नाहीं, तेथें अंगावर चढलेली चरबी लगेच डोळ्यांत भरते, असें म्हणण्यास हरकत नसावी.

शरीराचे हे शब्द मात्र कोणत्याहि काळीं मानाचे नव्हते. म्हणून कागद वाचणारास त्यांचा धोका नाहीं. धोका आहे तो शिष्ट, तालेवार, शहाणा, मिजाज, नबाब अशा शब्दांचा, ज्यांनीं आपल्या आयुष्यांत जात पालटली.

(७)

ह्या पालटाची दिशा नेहमींच खालीं असते काय? सोलापूरचाच एक दाखला ह्याच्या उलट आहे.

सोलापूरचें जुनें नांव सोन्नलिगे. बाराव्या शतकांत सिद्धरामेश्वरांनीं येथें तळें खोदविलें, अडुसष्ट लिंगें स्थापिलीं व हें गांव क्षेत्र केलें. वचनकारांच्या संवादांची गुंफण करणारा "शून्यसंपादने" नांवाचा कानडी ग्रंथ पुढें पंधराव्या शतकांत सिद्ध झाला. त्यांत अल्लमप्रभु व सिद्धराम यांच्या भेटीचा प्रसंग आहे. तळ्याचें काम चाललें असतां अल्लमप्रभु सोन्नलिग्यास येतात आणि सिद्धरामांचा उल्लेख "वड्ड राम" म्हणजे माती खणणारा राम अशा शब्दांनीं करितात. गुरूस असें म्हटलेलें ऐकून शिष्य खवळतात. परंतु अल्लमप्रभूंचा आक्षेप मातीकामावर नाहीं. तळीं बांधलीं, देवळें उभारलीं, लोकांस पाणी दिलें, एवढ्यानें आपलें साधलें असा जो संतोष मनांत बसतो त्यावर आहे. वाद होतो, सिद्धरामांस तें पटतें, ते कल्याणास जातात व चेन्नबसवांकडून इष्टलिंगाची दीक्षा घेतात.

हा ग्रंथ प्रसंगानंतर दोन-अडीच शतकांनीं सिद्ध झालेला असल्यामुळें प्रत्यक्ष संभाषणाचा पुरावा म्हणून तो घेतां येत नाहीं. शब्दाच्या इतिहासास मात्र तो पुरेसा आहे. सत्कृत्यांवर संतुष्ट झालेल्या थोर पुरुषास जागें करावयाचें तर ग्रंथकारानें त्यास नबाबासारखी मोठी पदवी देऊन चिडविलें नाहीं. उलट ज्या हातांनीं तळें खणलें त्या हातांचें नांव त्यास दिलें. आणि काळानें काय केलें तें पाहा. कर्नाटकांतील भोवी-वड्डर समाज आज सिद्धरामेश्वरांस आपले गुरु मानतो. ग्रंथांत जें टोंचणीचें संबोधन होतें तें त्या समाजास नात्याचें वाटतें. शिष्ट, शहाणा व तालेवार हे मानाच्या पदावरून उतरले. वड्ड हा शब्द खणतीच्या खड्ड्यांतून वर आला.

(८)

आतां ह्या विवेचनावरून वाचनाच्या उपयोगाचे जे नियम निघतात ते सांगून लेख पुरा करूं.

पहिला नियम मायन्याचा. ज्या माणसाविषयीं शब्द आला आहे त्याचा त्याच कागदांत किंवा त्याच लेखकाच्या दुसऱ्या पत्रांत मायना काय आहे हें पाहावें. राजमान्य राजश्री, अखंडितलक्ष्मी अलंकृत, वेदशास्त्रसंपन्न ह्या पायऱ्या लेखनप्रशस्तीच्या शिस्तीनें ठरलेल्या होत्या व चिटणीस त्या सहसा चुकत नसत. मायना पूर्ण मानाचा असतां मजकुरांत उपहास गृहीत धरणें धाडसाचें आहे.

दुसरा नियम काळाचा. कोशांत दोन अर्थ दिले म्हणजे ते दोन्ही सर्व काळीं होते असें नव्हे. मोल्सवर्थचा कोश प्रथम १८३१ मध्यें व वाढवून १८५७ मध्यें निघाला; दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ ह्या वर्षांत सात विभागांनीं पुरा झाला; माधवराव पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश १९२५ चा. शब्दाचा अर्थ ह्या तिन्ही ठिकाणीं ताडून पाहावा, आणि कागद पहिल्या कोशाच्याहि मागला असेल तर मुळांतील अर्थास अग्रमान द्यावा.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा असून तो क्रियापदाचा आहे. वर दिलेलीं उदाहरणें पुन्हां पाहिलीं तर असें दिसेल कीं, उपहास नामांत क्वचित् असतो. तो क्रियापदांत असतो. शहाणा आहे ही स्तुति, शहाणा समजतो ही निंदा. दिवटी चालते हा मान, टेंभा मिरवितो हा उपहास. तालेवार आहे, जामीन घ्यावा. तालेवार लागून गेला, तोंड पाहूं नये. समजणें, मिरविणें, चढणें, दाखविणें, म्हणविणें, लागून जाणें ह्या सहा क्रियापदांपैकीं एखादें जवळ नसेल तर मानाचा शब्द मानानेंच वाचावा. आमची चूक नेमकी येथें झाली. त्या पत्रांत "तालेवार" पुढें साधें "आहेत" होतें. "लागून गेला" हें आम्हीं आपल्या कानांतून आणून तेथें बसविलें.

ह्या तीन नियमांचा विसर पडल्यास नुकसान शब्दाचें होत नाहीं, माणसांचें होतें. दोनशें वर्षांपूर्वीं सज्जनपणानें वागलेल्या पत्रलेखकास आपण मत्सरी ठरवितों, आणि ज्याची त्यानें शिफारस केली त्यास गर्विष्ठ. ह्या दोघांपैकीं कोणीहि आतां येऊन तक्रार करणार नाहीं. त्यांच्या वतीनें बोलणारा एकच, तो म्हणजे त्यांचा कागद. आणि तो आपण वाचूं तसाच बोलतो.

संग्राहकांविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. रुमाल हातीं लागला, मोडी लागली, दोनचार नांवें ओळखीचीं निघालीं, कीं अर्ध्या हळकुंडानें पिवळें होण्याचा मोह आमच्याच वर्गास अधिक असतो. अमुक दप्तर आपल्याखेरीज कोणी पाहिलेलें नाहीं हा टेंभा मिरवितांना आम्हीं पुष्कळांस पाहिलें आहे, व त्यांत स्वतःस वगळीत नाहीं. सिद्धेश्वराच्या तळ्याच्या कांठीं झालेला प्रश्न अशा वेळीं आठवावा. रुमाल सोडणें हें आपलें खणतीचें काम आहे. त्यांतून निघालेला अर्थ कसोटीस उतरला कीं नाहीं, हा हिशेब निराळा द्यावा लागतो.

वर दिलेल्या शब्दांपैकीं कोणताहि शब्द निःसंशय उपहासार्थी आलेला असा दिनांकित जुना कागद ज्यांच्या संग्रहांत असेल त्यांनीं तो मूळ पाठासह प्रसिद्ध करावा. शिष्ट व तालेवार ह्या दोन शब्दांविषयीं अशीं दहा-वीस उदाहरणें कालक्रमानें एकत्र आलीं, तर ते शब्द कोणत्या पिढींत पालटले हें निश्चयानें सांगतां येईल, आणि आमचा तिसरा नियम टिकतो कीं मोडतो हेंहि कळेल. मोडल्यास तो मागें घेण्यास आम्हांस संकोच वाटणार नाहीं.